सोलापूरचं पाणी : जड कोणतं, दूषित कोणतं आणि घरात काय करावं

सोलापुरात पाण्याबद्दल दोन तक्रारी कायम एकत्र ऐकू येतात. पहिली, ‘पानी भारी है, दाल गलती नई, साबणाला फेस येत नाही, नळावर पांढरा थर चढतो.’ दुसरी, ‘पाणी गढूळ येतं, वास येतो, पोरांची पोटं बिघडतात.’ बोलताना आपण दोन्हींना ‘पाणी खराब आहे’ असंच म्हणतो. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणं वेगळी, तपासण्या वेगळ्या आणि उपायही वेगळे. जडपणा भांड्यांवर डोळ्यांना दिसतो, म्हणून घरातले पैसे त्याच्यावर खर्च होतात. जंतू दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. आजारी मात्र जंतूच पाडतात. हा फरक घरातल्या प्रत्येकाला कळावा म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

आपल्या नळाला पाणी येतं कुठून?

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. एवढ्या लोकांची तहान मुख्यतः तीन ठिकाणच्या पाण्यावर भागते.

पहिलं ठिकाण उजनी धरण. भीमा नदीवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं. तिथून शंभराहून जास्त किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने पाणी पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं. उजनीपासून दुसरी, समांतर जलवाहिनी टाकण्याचं कामही हाती घेतलं गेलं.

दुसरं ठिकाण टाकळी. उजनीतून नदीपात्रात सोडलेलं पाणी औज आणि चिंचपूर बंधाऱ्यांत अडवतात, टाकळीला उचलतात आणि सोरेगावच्या केंद्रात शुद्ध करतात.

तिसरं ठिकाण एकरुख, म्हणजे आपल्या बोलण्यातला हिप्परगा तलाव. हा ब्रिटिश काळातला, दीडशे वर्षांपूर्वीचा तलाव आहे. त्याचं पाणी भवानी पेठेतल्या केंद्रात येतं.

म्हणून विजापूर वेशीत राहणाऱ्या बहिणीचं पाणी आणि नई जिंदगीत राहणाऱ्या भावाचं पाणी सारखंच असेल असं नाही. त्यात बोअरची भर पडते. अनेक सोसायट्या, मशिदी आणि शाळा वापरासाठी बोअरचं पाणी घेतात, आणि बऱ्याच घरांत दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं. तेव्हा ‘सोलापूरचं पाणी’ असं एकच काही नसतं. तुमच्या घरातलं पाणी कोणतं, हे आधी शोधून काढा.

जड पाणी म्हणजे नेमकं काय?

आमच्या विज्ञानाच्या मराठी पुस्तकात याला ‘दुष्फेन’ पाणी म्हणतात, उर्दू माध्यमात ‘सख्त पानी’. दुष्फेन म्हणजे फेस नीट न येणारं. (शास्त्रात ‘जड पाणी’ या नावाचा दुसराच पदार्थ आहे, तो अणुभट्टीत वापरतात. आपल्या नळाशी त्याचा संबंध नाही. या लेखात ‘जड’ हा शब्द रोजच्या बोलण्यातलाच समजावा.)

पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोन धातूंचे क्षार विरघळलेले असले की पाणी जड होतं. सोलापूरची जमीन काळ्या बेसाल्ट खडकाची. पाऊस या खडकांतून आणि काळ्या मातीतून झिरपताना हे क्षार घेऊन खाली जातो. मातीत चुनखडीचे खडेही असतात. पाणी जमिनीत जितकं जास्त काळ राहतं तितकं जड होतं, म्हणून बोअरचं पाणी सहसा नदीच्या पाण्यापेक्षा जड लागतं. उन्हाळ्यात साठे आटतात आणि क्षार तेवढेच राहतात, त्यामुळे मे महिन्यात जडपणा वाढल्यासारखा वाटतो. पावसाळ्यात तो कमी होतो, पण गढूळपणा वाढतो.

जडपणाचे दोन प्रकार आहेत. बायकार्बोनेट क्षारांचा जडपणा पाणी उकळलं की जातो. पातेल्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर म्हणजे तोच. हा अस्थायी जडपणा. सल्फेट आणि क्लोराइड क्षारांचा जडपणा उकळून जात नाही, तो स्थायी. धुण्याचा सोडा घातला की दोन्ही प्रकार कमी होतात, पण तो फक्त कपड्यांच्या पाण्यासाठी. तुरटीने गाळ खाली बसतो, जडपणा जात नाही.

थोडा हिशेब करून बघा. समजा पाण्याचा जडपणा लिटरला 300 मिलिग्रॅम आहे आणि घरात रोज 200 लिटर पाणी लागतं. म्हणजे रोज 60 ग्रॅम आणि वर्षाला जवळजवळ 22 किलो क्षार घरातून जातात. त्यातले काही गिझरच्या कॉइलवर, शॉवरच्या भोकांत आणि कुकरच्या तळाशी बसतात. गिझरचं बिल वाढतं ते यामुळेच. आपल्या चादरी आणि टॉवेलच्या धंद्यात रंगाईचं काम करणाऱ्यांना हे नवं नाही. जड पाण्यात रंग सूताला सारखा धरत नाही.

जड पाण्याने तब्येत बिघडते का?

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. ‘या पाण्याने मुतखडा होतो’ असं मोहल्ल्यात सर्रास सांगतात, पण पाण्याचा जडपणा हे मुतखड्याचं कारण असल्याचं सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडच्या उन्हात घाम जास्त जातो आणि पाणी कमी प्यायलं जातं. खड्यासाठी ही सवय जास्त धोक्याची आहे. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी किती आणि कोणतं पाणी प्यावं हे डॉक्टरांनाच विचारावं.

जड पाण्यात साबणाचा चिकट मळ तयार होतो. तो अंगावर, केसांवर राहतो, त्यामुळे त्वचा कोरडी पडते, केस राठ होतात. ज्या मुलांना खाज किंवा इसब आहे त्यांना जास्त त्रास होऊ शकतो. साबण कमी वापरणं, शेवटी बाजूला ठेवलेल्या हलक्या पाण्याचे एक-दोन तांबे अंगावर घेणं आणि नंतर खोबरेल तेल लावणं याने फरक पडतो.

डाळीचंही तसंच. पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून हरभरा आणि तूर लवकर मऊ होत नाही. सोडा घातला तर डाळ शिजते, पण तिच्यातलं ब जीवनसत्त्व कमी होतं. त्यापेक्षा डाळ उकळून गार केलेल्या, वरून निथळून घेतलेल्या पाण्यात भिजवा आणि तशाच पाण्यात शिजवा.

खरा धोका कुठे आहे?

आपल्या राज्यातली दोन उदाहरणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. आपल्यासारखंच यंत्रमागांचं गाव. दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ई हा विषाणू त्यामागे होता. हजारो लोक आजारी पडले, मृत्यूही झाले. हा विषाणू गरोदर बायकांसाठी जास्त घातक असतो. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. तिचा संबंधही दूषित पाण्यातल्या जंतूंशी जोडला गेला. या दोन्ही ठिकाणी जडपणाचा काही संबंध नव्हता.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून भीमेत आणि पुढे उजनीत येतं. जलपर्णी आणि हिरवट शेवाळ त्यावरच पोसलं जातं. पाण्याला मातकट वास येतो त्याचं एक कारण हे शेवाळ. शुद्धीकरण केंद्रात तुरटी, गाळणी आणि क्लोरीन यांनी पाणी पिण्याजोगं करतात. पण केंद्रातून निघाल्यावर आपल्या घागरीत पडेपर्यंत त्याला लांबचा रस्ता असतो, आणि सगळ्यात कच्चा टप्पा तोच.

आपल्याकडे अनेक भागांत तीन-चार दिवसांआड, कधी पाच दिवसांनी पाणी येतं. मधल्या काळात जलवाहिनी रिकामी असते. तिला कुठे भेग असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर बाहेरचं घाण पाणी आत शिरतं. नळ सुरू झाला की पहिल्या बादल्यांत तेच येतं. नळाला थेट मोटार लावली तर ही ओढ आणखी वाढते. मोटार शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी तर ओढतेच, भेगेतून गटारही ओढते आणि आख्ख्या गल्लीला पाजते. शेजाऱ्याचा हक आपण सगळेच जाणतो. मोटारीचा मुद्दा त्या हकाचाही आहे आणि आपल्या लेकरांच्या तब्येतीचाही.

दुसरा कच्चा टप्पा म्हणजे घरातला साठा. नळाच्या पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक ठेवतात, तो वाटेतल्या जंतूंसाठी. उघड्या भांड्यात तो एक-दोन दिवसांत उडून जातो. म्हणजे पाचव्या दिवशी आपण जे पाणी पितो त्याला कसलंच संरक्षण उरलेलं नसतं. त्यात कुणाचा हात बुडाला की झालं.

तिसरी गोष्ट डासांची. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस बॅरल आणि हौद रिकामे करून आतून घासा. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

पाक पाणी आणि पिण्याचं पाणी

वजू आणि गुस्लसाठी पाणी पाक आहे का, हे बघताना रंग, वास आणि चव यांचा विचार होतो. जमिनीतल्या क्षारांनी पाणी जड झालं म्हणून ते नापाक होत नाही. मसल्याचा प्रश्न असेल तर आपल्या आलिमांना विचारावा. विज्ञानाच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. काविळीचे किंवा टायफॉइडचे जंतू असलेल्या पाण्याला रंग, वास, चव यांतलं काहीच नसू शकतं. म्हणून पाणी स्वच्छ दिसतं एवढ्यावर ते पिण्यासाठी सुरक्षित ठरत नाही.

वजूत आपण कुल्ली करतो, नाकात पाणी घेतो. त्यामुळे मशिदीच्या हौजातलं किंवा टाकीतलं पाणी जड असलं तरी चालेल, पण ते जंतुमुक्त ठेवायला हवं. टाकी वेळच्या वेळी धुणं, तिला घट्ट झाकण असणं, बोअरचं पाणी वर्षातून निदान दोनदा तपासणं आणि पिण्याचा नळ वेगळा ठेवून त्यावर तसं लिहिणं, एवढी कामं कमिटीने वाटून घेतली तर अवघड नाहीत.

तपासणी कशी करायची?

जडपणासाठी घरचा सोपा प्रयोग आम्ही वर्गात करून घेतो. सारख्या आकाराच्या दोन बाटल्या घ्या. एकीत पावसाचं किंवा बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत नळाचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस घाला आणि हलवा. पहिलीत भरपूर फेस येईल. दुसरीत फेस कमी आणि पांढरट साका जास्त दिसला तर पाणी जड आहे. कपड्यांची पावडर वापरू नका, तिला जड पाण्यातही फेस येतो. हे पाणी पिऊ नका.

नेमका आकडा प्रयोगशाळेतच मिळतो. जिल्ह्याच्या ठिकाणी पाणी तपासणीची सरकारी प्रयोगशाळा असते. तपासणीचा कागद हातात आला की भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे हे आकडे जुळवून बघा. सगळे दर लिटरचे आहेत. जिथे दोन आकडे आहेत तिथे पहिली इष्ट मर्यादा, दुसरी दुसरा स्रोत नसेल तरच चालणारी.

एकूण कठीणता (म्हणजेच जडपणा) : 200 मिलिग्रॅम, 600 मिलिग्रॅम
एकूण विरघळलेले क्षार (टीडीएस) : 500 मिलिग्रॅम, 2000 मिलिग्रॅम
क्लोराइड : 250 मिलिग्रॅम, 1000 मिलिग्रॅम
फ्लोराइड : 1 मिलिग्रॅम, 1.5 मिलिग्रॅम
नायट्रेट : 45 मिलिग्रॅम, यात सूट नाही
शिल्लक क्लोरीन : निदान 0.2 मिलिग्रॅम

याशिवाय पीएच 6.5 ते 8.5 च्या दरम्यान असावा, आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू अजिबात सापडता कामा नये. कागदावर सगळ्यात आधी हीच ओळ वाचा.

बोअर असेल तर नायट्रेटची तपासणी जरूर सांगा. खत, शोषखड्डे आणि गटारांतून तो जमिनीत उतरतो. तान्ह्या बाळांना तो बाधतो आणि उकळून जात नाही, म्हणून बाळाच्या दुधासाठी न तपासलेलं बोअरचं पाणी वापरू नये.

जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक करून घ्यावी. नळ दोन-तीन मिनिटं सोडून मग नमुना भरावा, बाटलीच्या तोंडाला हात लावू नये आणि काही तासांत नमुना पोचवावा. कोल्ड्रिंकच्या बाटलीतून नेलेल्या नमुन्याला अर्थ नसतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का, हे ओटी टेस्टने जागच्या जागी कळतं. द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे.

विक्रेत्यांचे दोन प्रयोग

दारावर येणारा माणूस पेनासारखा टीडीएस मीटर पाण्यात बुडवतो आणि आकडा दाखवून घाबरवतो. हा मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो. कावीळ, जुलाब, टायफॉइडचे जंतू त्याला कळत नाहीत. 150 टीडीएसचं पाणी जीवघेणं असू शकतं आणि 600 चं पाणी निर्धोक.

दुसरा प्रयोग दोन सळयांचा. वीज सोडली की नळाचं पाणी तपकिरी, काळपट होतं आणि यंत्राचं पाणी स्वच्छ राहतं. दिसणारा तो गाळ पाण्यातला नसतो, लोखंडी सळई विरघळून झालेला असतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते, यंत्राच्या पाण्यात क्षारच नाहीत म्हणून वाहत नाही. त्याच यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ घातलं तर तेही तसंच काळं होईल.

कोणत्या अडचणीवर कोणता उपाय?

जंतूंसाठी : पाणी खळखळून उकळू द्या, उकळी आल्यावर निदान एक मिनिट. नंतर झाकून गार करा. किंवा क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, सुती कापडाच्या चार पदरांतून गाळा आणि मग क्लोरीन टाका. गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर कमी पडतो.

क्षारांसाठी : टीडीएस 500 च्या आत असेल तर आरओची गरज नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये अशा पाण्यासाठी आरओवर बंदी घालण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले होते. अशा घरात यूएफ गाळणी किंवा यूव्ही यंत्र पुरतं. यूएफ विजेशिवाय चालते. यूव्हीला वीज आणि स्वच्छ पाणी लागतं. पिण्यासाठी बोअरशिवाय इलाजच नाही आणि क्षार जास्त आहेत, तिथे आरओ घ्या. पण तो लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. चार दिवसांआड नळ येणाऱ्या शहरात ते पाणी गटारात सोडणं परवडत नाही, फरशी आणि संडाससाठी साठवा. फिल्टर वेळेवर बदलला नाही तर यंत्रातच जंतू वाढतात.

आंघोळ आणि कपड्यांसाठी : सॉफ्टनर यंत्र मिठाच्या मदतीने जडपणा काढतं. त्याने पाण्यात सोडियम वाढतं, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी ते पाणी पिऊ नये.

पांढऱ्या थरासाठी : सिरका किंवा लिंबू-फूल पाण्यात घालून तासभर ठेवा, थर सुटतो. फरशीचं अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

या आठवड्यापासून घरात

पिण्याचं पाणी वेगळ्या, झाकणाच्या, तोटी असलेल्या भांड्यात ठेवा. तोटी नसेल तर लांब दांडीचं ओगराळं वापरा, पेला बुडवू नका. नळ आल्यावर पहिल्या एक-दोन बादल्या वापरायला ठेवा, पिण्याचं पाणी नंतर भरा. नळ येण्याच्या दिवशी उरलेलं जुनं पाणी आधी वापरायला काढा, भांडं घासा आणि मग नवं भरा. जुन्यावर नवं ओतू नका. कुणाला पाण्यासारखे जुलाब झाले तर लगेच जलसंजीवनी सुरू करा आणि दवाखान्यात न्या. डोळे पिवळे दिसले तर वेळ घालवू नका, गरोदर बाईच्या बाबतीत तर मुळीच नाही.

पाणी गढूळ किंवा वासाचं आलं तर एकट्याने फोन करून थांबू नका. गल्लीतल्या किती घरांत तसं आलं ते विचारा. तारीख, वेळ आणि घरांची संख्या लिहून झोन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पाणीपुरवठा हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 नुसार पालिकेचं बंधनकारक काम आहे. तुमच्या भागातल्या नमुन्यांचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतात. मोहल्ल्यातल्या एखाद्या नववी-दहावीच्या मुलाकडे किंवा मुलीकडे एक वही द्या. पाणी कधी आलं, कसं आलं, त्या आठवड्यात किती घरांत पोट बिघडलं, एवढंच त्यात लिहायचं. दोन महिन्यांच्या अशा नोंदी अर्जाला जोडल्या, तर गळती कोणत्या टोकाला आहे हे शोधायला अधिकाऱ्यांनाही सोपं जातं.